पेल्यातला गाळ आला कोठून?

प्रश्न : एका विक्रेत्याने आमच्या बोअरचे पाणी एका पेल्यात आणि आर.ओ. यंत्राचे दुसऱ्या पेल्यात घेऊन दोन्हींत विजेच्या सळ्या बुडवल्या. मिनिटभरात बोअरचे पाणी तांबूस, गढूळ झाले. दुसरे नितळच राहिले. इतकी वर्षे आम्ही ही घाण पीत होतो का?
– एक वाचक, ता. यावल, जि. जळगाव

उत्तर : नाही. तो गाळ पाण्यातला नव्हता, सळीचा होता. लोखंडी धनाग्रातून, म्हणजे विजेच्या धन टोकाला जोडलेल्या सळीतून, वीज वाहू लागली की लोह विरघळते आणि त्याचे हायड्रॉक्साइड, म्हणजे जवळजवळ गंजच, पाण्यात तरंगू लागतो. फॅरडेच्या नियमाने हिशेब केला तर ०.१ अँपिअर वीज मिनिटभर वाहिली तरी पावणेदोन मिलिग्रॅम लोह झिजते, आणि पेलाभर पाण्याला रंग यायला तेवढे पुरते. आर.ओ.च्या पाण्यात क्षार फार थोडे उरत असल्याने त्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून सळी झिजत नाही. त्यात चिमूटभर मीठ टाकून हाच प्रयोग पुन्हा करायला सांगा. तेही तांबूस होईल. भोळ्या माणसांना असे घाबरवून यंत्रे विकणे मला अत्यंत गैर वाटते.

हीच क्रिया कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी मुद्दाम घडवतात. लोखंडाच्या वा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांतून सुटलेले आयन, म्हणजे विद्युतभारित कण, रंगाच्या व तेलाच्या सूक्ष्म कणांवरील विद्युतभार नाहीसा करतात, कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा साका खाली बसतो किंवा हायड्रोजनच्या बुडबुड्यांबरोबर वर येतो. विरघळलेले क्षार मात्र त्याने फारसे जात नाहीत. त्यासाठी इलेक्ट्रोडायलिसिस ही वेगळी पद्धत आहे, जीत विजेच्या ओढीने आयन विशिष्ट पडद्यांपलीकडे जातात. जंतू मात्र पाण्यातच राहतात, त्यामुळे निर्जंतुकीकरण वेगळे करावे लागते.

हंड्याला पांढरा थर धरतो, डाळ लवकर शिजत नाही, हा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा परिणाम आहे. त्याने भिण्याचे कारण नाही. तुमच्या केळीच्या पट्ट्यात खतांचा वापर भरपूर असल्याने मला काळजी वाटते ती खतांतून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेटची. त्याला रंग नाही, चव नाही, आणि सळ्यांच्या प्रयोगात ते दिसतही नाही. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणून यंत्र घेण्याआधी पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि अहवाल येईपर्यंत तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधात ते वापरू नका. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते.