देव आपल्या आयुष्यात पहिला आहे की नाही, हे रोजच्या वागण्यातून कसं ओळखायचं?

जय ख्रिस्त. तुम्ही लिहिलंय की रोज सकाळी पवित्र शास्त्र वाचता, रविवारची उपासना चुकवत नाही, दशांशही (कमाईचा दहावा भाग) देता, तरी देव खरंच पहिला आहे का अशी शंका येते. मला वाटतं आपण कोणाला ताटकळत ठेवतो त्यावरून ते कळतं. मला तरी तसंच कळलं.

आमची दिंडोरी तालुक्यात दोन एकर द्राक्षबाग आहे, राहायला आम्ही नाशकात. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत काढणी चालू होती, सुरगाण्याकडच्या बायका कामाला होत्या, शनिवारी संध्याकाळी त्यांचा हिशोब करायचा असतो पण व्यापाऱ्याचे पैसे आलेच नव्हते, घरात कॅश होती ती मी औषधाच्या दुकानदाराला द्यायची म्हणून बाजूला ठेवलेली, कारण तिथली उधारी बंद झाली तर फवारणीच अडते, म्हणून सरळ सांगून टाकलं की सोमवारी घ्या. कोणी भांडलं नाही. एक जण क्रेटवर बसलेली, मांडीवर पोर, हातात बाजाराची पिशवी घडी करून धरलेली, ती एवढंच म्हणाली, "दादा, बाजार तर उद्याच हाये."

रविवारी चर्चमध्ये ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन चालू होतं, दानार्पणाची थैली समोर आली, मी पाचशेची नोट टाकली आणि मला ती घडी केलेली पिशवी आठवली. पुढचा संदेश काही ऐकूच आला नाही. घरी येऊन पवित्र शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकाचा २४ वा अध्याय काढला. १५ व्या वचनात आहे की मजुराची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत द्यायची, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यात अडकलेला असतो. आणि २१ व्या वचनात तर चक्क द्राक्षमळाच आहे, द्राक्षं खुडल्यावर मागे राहिलेला सरवा वेचायचा नाही, तो परक्यासाठी, अनाथासाठी, विधवेसाठी. बागवाला असून हा अध्याय मी कितीदा नुसता वाचून पुढे गेलो होतो. तसाच गाडी काढून गेलो, पैसे दिले, तोवर बाजार उठत आला होता. दुकानदाराची मला भीती वाटत होती, त्या बायकांची नव्हती, देवाची तर त्याहून नव्हती, हे मला त्या रस्त्यावर कळलं.

म्हणून वाचन, दशांश सोडा असं नाही हं. मत्तय २३:२३ मध्ये प्रभू परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ यहुदी धर्मपुढाऱ्यांना, म्हणतो की पुदिना, शेप, जिऱ्याचा दशांश देता पण न्याय, दया, विश्वास सोडून दिलात. हे करायचं होतं आणि तेही सोडायचं नव्हतं.

आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचंच बघा ना, त्या कवी टिळकांच्याच पत्नी. नवऱ्याचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांचा १९०० चा, पण दुसऱ्या जातीच्या हातचं पाणी प्यायचं त्यांनी बाप्तिस्म्याच्या आधीच ठरवलं होतं. मन कुठे पोचलंय ते आधी पाण्याच्या पेल्यात दिसलं, चर्चच्या रजिस्टरमध्ये नाव नंतर लागलं.

आता काढणीच्या आठवड्यात मजुरीचे पैसे शुक्रवारीच वेगळ्या डब्यात काढून ठेवतो, दुकानदाराला मीच फोन करून चार दिवस मागून घेतो. शेवटचे सुटे घड बायकांना तोडून न्यायला सांगतो.

तुमच्या घरी कामाला मावशी येत असतील तर त्यांचा पगार कोणत्या तारखेला देता ते आठवून बघा, आणि त्यांना मागावा लागतो का तेही.