'गेली', 'गेली आहे' आणि 'आली आली!'

धोपाव्याहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्या पाहुण्यांची घरगुती राहण्या-जेवणाची सोय करतात. एका परदेशी पाहुण्याने विचारलं, दाभोळची फेरीबोट कधी सुटली? ताई म्हणाल्या, 'द बोट हॅज गॉन अ‍ॅट टेन.' मुलीने लगेच चूक काढली, 'लेफ्ट' म्हणायचं. आता ताई विचारतात : मराठीत 'दहाला गेली आहे' बिनदिक्कत चालतं, मग इंग्रजीत का नाही?

ताई, प्रश्न फार चांगला आहे. 'गेली'मधला 'ल' एवढंच सांगतो की क्रिया पुरी झाली, किंवा झाल्यात जमा आहे. कधी झाली, याची त्याला फिकीर नसते. इंग्रजीचा साधा भूतकाळ मात्र वेळेकडे बघतो. ज्या वेळेबद्दल बोलतोय ती सरलेली असेल तर तिथे तोच हवा. 'दहाला' म्हटलंत की ती वेळ मागे पडली, म्हणून 'लेफ्ट'. 'हॅज'चा एक पाय नेहमी आत्तामध्ये असतो. वेळ न सांगता नुसतं 'ती गेली, आता थांबावं लागेल' असं सांगायचं असेल तर 'इट हॅज लेफ्ट' अगदी बरोबर.

आपल्या 'ल'ची गंमत तुमच्याच धक्क्यावर रोज दिसते. बोट अजून वाशिष्ठी नदीच्या मध्यावर असते आणि इकडे रांगेतले मोटारसायकलवाले 'आली आली!' म्हणत गाड्या सुरू करतात. आलेली नसतेच ती! पण येणं इतकं नक्की आहे की आपण ते झालेलंच धरतो. इथे 'द बोट केम' म्हणून चालणार नाही, ऐकणाऱ्याला ती मागे कधीतरी आली होती असं वाटेल. 'द बोट इज कमिंग' म्हणायचं. पाहुण्याने हाक मारली आणि तुम्ही चुलीपाशून 'आले आले' म्हणालात, तर तेही 'आय अ‍ॅम कमिंग'. 'भूक लागली', 'दमले' यांना तर इंग्रजीत सरळ वर्तमानकाळ : 'आय अ‍ॅम हंग्री', 'आय अ‍ॅम टायर्ड'. मराठी व्याकरणात या 'ल'च्या रूपाला 'लाख्यात' म्हणतात. हे नाव काळावरून नाही, प्रत्ययावरून पडलं आहे, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

अजून एक उदाहरण घ्या. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, माड-पोफळी आडव्या झाल्या. तारीख ठरलेली, म्हणून धडकलं ते 'हिट', पडल्या ते 'फेल'. पण एखादा बागायतदार म्हणाला, 'वाडी अजून पहिल्यासारखी झाली नाही', तर ते 'हॅज नॉट रिकव्हर्ड येट'. मराठीत 'धडकलं' आणि 'झाली नाही' एकाच घरातली रूपं, इंग्रजीत मात्र दोन वेगळे काळ. म्हणून बोलण्याआधी मनात 'कधी?' विचारून बघा. काल, गेल्या मे महिन्यात, दहाला असं उत्तर वाक्यातच बसलेलं असेल, तर 'हॅव-हॅज' बाजूला ठेवा.

पाहुण्याने विचारलं असेल, 'व्हेन डिड द बोट लीव्ह?' त्यात 'लेफ्ट' नाही, 'लीव्ह' आहे, हे नीट ऐका. 'डिड'ने भूतकाळ आधीच सांगून टाकला, मग क्रियापद मूळ रूपात राहतं. नकारातही तसंच : 'डिडन्ट लीव्ह'. आपण 'सुटली नाही' म्हणतो तेव्हा भूतकाळ 'सुटली'वरच राहतो, त्याच सवयीने तोंडातून 'डिडन्ट लेफ्ट' जातं. ही चूक मी वर्षानुवर्षं चांगल्या शिकलेल्यांकडूनही ऐकतो आहे.

एका बाबतीत तुमचं काम सोपं आहे. भाकरी खाल्ली, आंबा खाल्ला, मासे खाल्ले, सगळ्याला एकच 'एट'. लिंग-वचनाचा हिशोब नाही. उच्चारात एवढं सांभाळा की 'कुक्ट' आणि 'रीच्ट'च्या शेवटी 'ट' ऐकू येतो, 'कुकेड' नव्हे. 'वेटेड'सारख्या, मुळातच 'ट' किंवा 'ड'ने संपणाऱ्या शब्दांत मात्र 'एड' स्पष्ट येतो.

तेव्हा पुढच्या वेळी : 'द बोट लेफ्ट अ‍ॅट टेन. द नेक्स्ट वन इज कमिंग.'