महापालिका भटकी कुत्री पकडून पुन्हा त्याच गल्लीत का सोडते?

नियमच तसा आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार नसबंदी आणि रेबीजची लस झाली की कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायचा. तो हटवला की मोकळ्या जागेत बाहेरची, नसबंदी न झालेली कुत्री शिरतात आणि वर्षभरात पिल्लं दिसू लागतात. म्हणून अर्धवट मोहीम फुकट जाते. परिसरातल्या बहुतेक कुत्र्यांची, विशेषतः माद्यांची, नसबंदी झाली पाहिजे.

तक्रार करण्याआधी कुत्र्याचा कान बघा. खाच असेल तर नसबंदी झालेली आहे, ‘पकडून न्या’ म्हणण्यात अर्थ नाही. खाच नसलेल्यांचे फोटो, नेमकी जागा आणि वेळ महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे द्या आणि तक्रार क्रमांक ठेवा. पकडायला पहाट बरी, दुपारी कुत्री गाड्यांखाली लपतात. पिल्लांना पाजणारी मादी आत्ता नेणार नाहीत, त्यावरून भांडू नका.

पिसाळलेला किंवा चावरा कुत्रा ही वेगळी बाब, तसं स्पष्ट लिहा. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२५ च्या आदेशानुसार अशांना परत सोडत नाहीत. शाळा, रुग्णालयं, बसस्थानकांच्या आवारातून उचललेल्यांनाही नोव्हेंबर २०२५ पासून तिथे परत सोडायचं नाही.

चावा बसला असेल तर आधी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, मग लगेच लस. तक्रार नंतर.