बोल्ट अ‍ॅक्शनची सवय आणि एआर-15 चं काडतूस

प्रश्न थोडक्यात असा: .308 बोल्ट अ‍ॅक्शनसाठी (हाताने बोल्ट मागे-पुढे करायची रायफल) घरी काडतुसं भरायचा चांगला सराव आहे, आता टेक्सासमध्ये .223 ची एआर-15 ही सेमी-ऑटो, म्हणजे पुढचं काडतूस स्वतःच चढवणारी रायफल घेतली. नेहमीसारखी केसची (काडतुसाच्या पितळी नळकांड्याची) फक्त मान, म्हणजे गोळी धरणारं तोंड, साइझ करून (डाय म्हणजे साच्यात दाबून मापात आणून) भरलं, तर मधूनच बोल्ट पूर्ण बंद होत नाही. शिवाय न झाडता बाहेर काढलेल्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) बारीक खड्डा दिसतो. स्मॉल बेस डाय घ्यावा का?

डायचा विचार नंतर करू. बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये शेवटची तपासणी तुमचा हात करतो. केस जरा लांब असेल तर हँडल जड जातं आणि तुम्ही थांबता. एआरमध्ये बोल्ट स्प्रिंगच्या जोरावर जातो, हाताला काहीच कळत नाही. म्हणून बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये हात जे पकडतो ते इथे बेंचवरच गेजने पकडावं लागतं. मान-साइझिंग सेमी-ऑटोसाठी पूर्ण बाद. प्रत्येक केस, प्रत्येक वेळी, फुल लेंग्थ डायमधूनच (पूर्ण केस दाबणाऱ्या साच्यातून) गेली पाहिजे.

बोल्ट अर्धवट राहिला की फॉरवर्ड असिस्ट (बोल्ट पुढे ढकलायचं बटण) ठोकायचा मोह होतो. तो टाळा. जी केस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे) जायला तयार नाही, ती ठोकून आत घातली की बाहेर यायलाही तयार नसते, आणि मग जिवंत काडतूस अडकलेली रायफल हातात उरते. नळी सुरक्षित दिशेला ठेवा, मॅगझिन काढा, चार्जिंग हँडल ओढून पाहा. नाही निघालं तर रेंज ऑफिसरला बोलवा.

आता खांद्याचं, म्हणजे केस मानेकडे निमुळती होते त्या भागाचं माप. वर्कशॉपच्या भाषेत इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ, तोच धरतो. बोल्ट अ‍ॅक्शनला खांदा एक-दोन थाऊ मागे ढकलला की पुरतं. एआरला तीन ते चार ठेवा. त्याहून जास्त ढकललात तर काडतूस बिनबोभाट चालेल, पण दर वेळी केस बुडापाशी ताणली जाईल आणि काही फेऱ्यांत तिथेच तुटेल. माप कॅलिपरला लावलेल्या हेडस्पेस कंपॅरेटरने (बुडापासून खांद्यापर्यंतचं अंतर दाखवणारा जोड) घ्यायचं.

यात एक फसवी जागा आहे. बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये झाडलेली केस म्हणजे चेंबरचा साचाच. एआरमध्ये मात्र आत थोडा दाब शिल्लक असतानाच केस ओढायला सुरुवात होते, त्यामुळे खांदा चेंबरपेक्षा पुढे फुगलेला मिळू शकतो. त्या मापातून तीन थाऊ वजा केलेत तर प्रत्यक्षात कदाचित काहीच वजा झालेलं नसेल. म्हणून कंपॅरेटरच्या जोडीला केस गेज हवाच. केस त्यात टाका, बूड गेजच्या दोन पायऱ्यांच्या मध्ये आलं पाहिजे. विल्सनच्या धर्तीचा गेज लांबी आणि खांदा दाखवतो, पण अंगाने जरा सैल असतो. बुडाजवळची जाडी पकडायची तर चेंबरच्या मापाने कापलेला गेज घ्या. तो नसेल तर नळी काढून, म्हणजे अप्पर वेगळा करून आणि बोल्ट बाहेर ठेवून, साइझ केलेली रिकामी केस थेट चेंबरमध्ये टाका. ती टप्पकन आत पडली पाहिजे आणि अप्पर उलटा केल्यावर स्वतःच्या वजनाने बाहेर आली पाहिजे.

दुसरी गोची एक्स्पांडरची, म्हणजे मान आतून मापात आणणाऱ्या भागाची. केस डायमधून बाहेर येताना एक्स्पांडरचा गोळा मानेतून ओढला जातो. मान आतून कोरडी असेल तर तो खांदाच पुढे खेचतो आणि तुम्ही केलेलं साइझिंग अर्धं पुसून टाकतो. प्रेसवरून उतरताना चर्रर्र असा आवाज आला की समजा हेच चाललंय. मानेच्या आतून थोडं ल्युब लावा आणि माप एक्स्पांडर बाहेर आल्यानंतरच घ्या. बाहेरून ल्युब कमी झालं तर केस डायमध्ये अडकते. जास्त झालं, विशेषतः खांद्यावर, तर तिथे खळगे पडतात. काम झालं की ल्युब पुसून काढायचं, कारण तेलकट केस चेंबरच्या भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो.

आता स्मॉल बेस डायबद्दल. तो बुडाजवळचा भाग नेहमीच्या डायपेक्षा थाऊ-दोन थाऊ जास्त दाबतो. रेंजवर उचललेलं, कुणाच्या तरी सैल चेंबरमधून आलेलं ब्रास (झाडलेल्या केसेस) असेल किंवा तुमचं चेंबर घट्ट असेल तर त्याचा उपयोग. स्वतःच्याच रायफलचं ब्रास असेल तर आधी साधा फुल लेंग्थ डाय नीट बसवा. शेलहोल्डरला (प्रेसवर केस धरणाऱ्या भागाला) टेकल्यावर थोडं आणखी फिरवून पाहा. दहापैकी नऊ तक्रारी तिथेच मिटतात. तरीही केस चेंबरच्या गेजमध्ये बुडापाशी अडत असेल तरच पैसे खर्च करा.

साइझिंगनंतर लांबी. .223 ची कमाल लांबी 1.760 इंच, ट्रिम करायची 1.750 पर्यंत. साइझिंगने केस लांबते, म्हणून आधी मोजण्यात अर्थ नाही. लांब मान चेंबरच्या टोकाला चेपली गेली की गोळी सुटायला जागा राहत नाही आणि दाब एकदम चढतो. ट्रिम करून झालं की पेपरक्लिपचं टोक वाकवून केसच्या आत बुडाजवळ फिरवा. खाचेसारखं काही लागलं किंवा बाहेरून तिथे चकचकीत कडं दिसलं, तर केस पक्कडीने चेपून भंगारात टाका. एआरमधलं ब्रास बोल्ट अ‍ॅक्शनएवढं टिकत नाही, तो हिशेब आधीच धरून चाला.

प्रायमरवरच्या खड्ड्याबद्दल. बारीक ठिपका असेल तर तो एआरचा स्वभाव आहे. हिची फायरिंग पिन मोकळी असते, तिला मागे धरणारी स्प्रिंग नसते. बोल्ट पुढे आपटून थांबला की पिन स्वतःच्या वेगाने पुढे जाऊन प्रायमरला हलकं टोचते. एम1 गॅरंड आणि एम14 या सैनिकी रायफलींमध्येही पिन अशीच मोकळी. सैन्याच्या प्रायमरचा कप जाड आणि कमी संवेदनशील ठेवतात तो याचसाठी. सीसीआय कंपनीचे 41 नंबर 5.56 साठी (.223 चा सैनिकी भाऊ) आणि 34 नंबर 7.62 साठी (.308 चा) त्याच विचाराने बनवलेले आहेत. .223 ला सीसीआय 41, 450 किंवा रेमिंग्टन साडेसात चालतात. सीसीआय 400 चा कप पातळ आहे. रेमिंग्टनचा साडेसहा तर .223 साठी नाहीच, नाव जवळचं म्हणून दुकानात गफलत होते. आणि प्रायमर बदलला की पावडर पुन्हा खालून चढवत आणायची.

प्रायमर वर राहिला तर मात्र ठिपक्याचा विनोद राहत नाही. बोल्ट बंद होता होताच काडतूस उडू शकतं, लॉक होण्याआधी उडालं तर रायफल फाटते. प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा तीन ते पाच थाऊ आत हवा. प्रत्येकावरून बोट फिरवा, शंका आली तर काडतूस काचेवर उभं करा, डुगडुगलं की बाद. लेक सिटीचं ब्रास, म्हणजे बुडावर एलसी आणि वर्तुळातली फुली असलेलं, वापरत असाल तर पॉकेटच्या (प्रायमर बसतो त्या खळग्याच्या) कडेला सैनिकी क्रिम्प, म्हणजे प्रायमर धरून ठेवणारी दाबलेली कड असते. ती स्वेज करून (दाबून) किंवा रीमरने काढल्याशिवाय प्रायमर सरळ बसत नाही. हे काम एका केसला एकदाच करावं लागतं. शेवटचं म्हणजे, तेच काडतूस पुन्हापुन्हा चेंबर करू नका. दर वेळी त्याच ठिकाणी टोचणी बसते.

.308 बोल्टवाल्यांचं दुसरं दुर्लक्ष मानेच्या पकडीकडे असतं. एआरमध्ये काडतूस मॅगझिनमधून उचललं जाऊन फीड रॅम्पवर (चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) आपटतं. पकड ढिली असेल तर गोळी आत सरकते, कधी झटक्याने बाहेरही येते. आत सरकली की केसमधली जागा घटते आणि दाब वाढतो. 0.224 च्या गोळीला साइझ झालेली मान आतून 0.221 ते 0.222 असावी. तपासायला पावडर-प्रायमर नसलेलं डमी भरा, एकूण लांबी मोजा, मॅगझिनमधून बोल्ट पूर्ण वेगाने सोडून चेंबर करा, काढून पुन्हा मोजा. एखाद्या थाऊचा फरक ठीक, जास्त असेल तर एक्स्पांडर बारीक करा. क्रिम्पने, म्हणजे केसचं तोंड गोळीवर दाबून, ही उणीव भरून काढू नका. खाच असलेल्या गोळीला हलका टेपर क्रिम्प द्या. जोरात दिलात तर खांदा फुगतो आणि तुम्ही परत पहिल्या तक्रारीवर येता.

मॅगझिनमध्ये मावायला एकूण लांबी 2.260 इंचाच्या आत. 77 ग्रेनची मॅच गोळी एवढ्यात बसते, 80 ग्रेनवाली सहसा एकेक करूनच भरतात. तसं करताना काडतूस चेंबरमध्ये टाकून बोल्ट सोडायचा नाही, कारण मॅगझिनचं घर्षण नसल्याने तो पूर्ण वेगात आदळतो. त्यासाठी मॅगझिनच्या जागी बसणारा एकेरी फीडर मिळतो.

पावडरचे आकडे इथे मुद्दाम देत नाही. ते पावडर किंवा गोळी बनवणाऱ्याच्या छापील तक्त्यातून, तुमच्याच गोळीसाठी घ्या, आणि कमाल आकड्याच्या दहा टक्के खालून सुरुवात करा. वजनकाटा ग्रेनवर आहे ना, हे दर वेळी पाहा. ग्रॅमवर राहिला तर आकडा पंधरा पटींनी चुकतो. पाउंडात 7,000 ग्रेन, म्हणजे 25 ग्रेनचा चार्ज धरला तर 280 काडतुसं. डबा किती उतरला याचा ताळा यावरून लागतो. 7.62 चं सैनिकी ब्रास व्यापारी ब्रासपेक्षा बरंच जाड असतं, आतली जागा कमी, तिथे चार्ज उतरवावाच लागतो. .223 मध्ये हा फरक तेवढा नाही, पण ब्रासचे ढीग मिसळू नका. नळीवर 5.56 लिहिलंय की .223 तेही वाचा. .223 चा तक्ता 5.56 च्या चेंबरला चालतो, उलटं नाही.

सेमी-ऑटोत पावडर गोळी ढकलते आणि वर गॅसची यंत्रणाही चालवते. मंद पावडर गॅस पोर्टपाशी दाब जास्त ठेवते. गॅरंडमध्ये यानेच ऑपरेटिंग रॉड (बोल्ट चालवणारा दांडा) वाकतो, म्हणून तिथे आयएमआर 4895 किंवा 4064 च्या आसपासच राहतात. एआर जरा सहनशील आहे, पण खुणा बोलतात. बुडावर इजेक्टरने (केस बाहेर फेकणाऱ्या पिनने) घासलेला चकचकीत डाग, फाटलेली कड, पॉकेटमधून सैल निघणारा प्रायमर, यातलं काहीही दिसलं की तिथेच थांबायचं. नुसत्या चपट्या प्रायमरवरून एआरमध्ये निदान करू नका. उलट शेवटच्या काडतुसानंतर बोल्ट मागे अडकत नसेल तर लोड हलका आहे. तक्त्यातल्या सुरुवातीच्या आकड्याला हे होतंच.

कायद्याचं एवढंच, पण अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी नीट वाचावं. स्वतःच्या वापरासाठी भरायला फेडरल परवाना लागत नाही, विकायला लागतो. मात्र एच-1बी, एल-1, एफ-1 असल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक आणि काडतूस जवळ बाळगणंच फेडरल कायद्याने गुन्हा आहे. वैध हंटिंग लायसन्ससारखे थोडेच अपवाद. आणि त्या कायद्यात काडतूस म्हणजे रिकामी केस, प्रायमर, गोळी आणि पावडरही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. राज्यांचे नियम वेगळे पाहावे लागतात. भारतात शस्त्र अधिनियम 1959 खाली परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रंही त्याच व्याख्येत येतात. सुट्टीला येताना रेंजची बॅग सामानाला वापरू नका. कप्प्यात राहिलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर पोलीस केस व्हायला पुरतं.

पहिल्या दिवशी दहाच काडतुसं न्या. पहिली दोन मॅगझिनमध्ये एकेकटी भरून झाडा, केस उचलून बूड पाहा, मगच दोन-दोन आणि शेवटी पाच. चाप ओढल्यावर धडाम ऐवजी नुसतं फुस्स झालं आणि बोल्ट मागे गेला नाही, तर हँडल ओढून पुढचं काडतूस चढवू नका. नळी समोर ठेवून अर्धा मिनिट थांबा, रायफल मोकळी करा, बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा. गोळी आत अडकली असेल तर त्या दिवसाचं शूटिंग तिथेच बंद, आणि उरलेली सगळी काडतुसं घरी नेऊन सोडवा.