पणजोबांचा माग काढायचाय? आधी घरातल्या म्हाताऱ्यांपाशी बसा

भाऊ, कचेरी नंतर. आधी घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसापाशी बसा आणि आपल्या खानदेशच्या अहिराणीतच विचारा. कुलदैवत कोणतं, भाऊबंद कोणत्या गावी, शेताचं नाव काय, एवढं तरी लिहून घ्या. हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका. मी ढकललं आणि माझी आत्या गेली.

मग तहसीलचं अभिलेख कक्ष. पणजोबांच्या नावाचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, मागा. माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती तिथंच मिळते. एका फेरफारात मला नावापुढे ‘अ.पा.क.’ दिसलं, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वडील वारले तेव्हा पणजोबा लहान होते, आणि पालनकर्ती म्हणून त्यांच्या आईचं नाव! घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ती ओळ कितीदा वाचली असेल. ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे मागे आणखी भाऊ असणार. त्यांना शोधा.

जन्ममृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. बरंचसं मोडीत असतं, वाचणारा सोबत न्या. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टरही बघा, पण तिथली जन्मतारीख बहुधा गुरुजींनी अंदाजानं टाकलेली.

जिल्ह्याच्या नावानं गोंधळू नका. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्व म्हणजे आजचं जळगाव. पश्चिम म्हणजे धुळे, ज्यातून १९९८ साली नंदुरबार निघालं.

त्र्यंबकेश्वरी गेलात तर तीर्थोपाध्यायांची वंशावळीची वही नक्की उघडायला सांगा. गाव आणि आडनाव पुरतं.