गरोदरपणात कोणते मासे खावेत?

प्रश्न : मला पाचवा महिना सुरू आहे. मासे मला अतिशय आवडतात. परंतु त्यांतील पाऱ्यामुळे बाळाला अपाय होतो असे वाचनात आल्यापासून मी ते पूर्णपणे बंद केले आहेत. त्याआधी दोन-तीनदा शार्कचे तुकडे खाण्यात आले, याची आता धास्ती वाटते. मासे नीट धुऊन, कातडी काढून, भरपूर शिजवले तर पारा निघून जातो का?

उत्तर : नाही, तो निघून जात नाही. पाण्यातील सूक्ष्मजीव पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात आणि हा पारा माशाच्या स्नायूंमधील प्रथिनांना घट्ट चिकटून राहत असल्यामुळे धुण्याने, तळण्याने किंवा उकळण्याने त्यात काहीच फरक पडत नाही. कातडी आणि चरबी काढल्याने चरबीत साठणारी इतर काही प्रदूषके कमी होतात, एवढेच.

म्हणून खरा प्रश्न मासा कसा शिजवावा हा नसून कोणता निवडावा हा आहे. लहान माशाला मोठा मासा खातो, त्याला त्याहून मोठा, आणि प्रत्येक पायरीवर पारा वाढत जातो. त्यामुळे शार्क, तलवार मासा, मार्लिन यांसारखे दीर्घायुषी शिकारी मासे गरोदरपणात वर्ज्यच करावेत. हा पारा वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली उघडकीस आलेल्या विषबाधेत, स्वतःला फारसा त्रास न झालेल्या काही मातांच्या पोटी मेंदूला गंभीर इजा झालेली मुले जन्मली. अर्थात, तेथे कारखान्याचे सांडपाणी वर्षानुवर्षे समुद्रात सोडले जात होते. त्याची तुलना आपल्या दोन-तीन जेवणांशी करू नये. रक्तातील मिथाइल पारा निम्मा होण्यास साधारण दीड ते दोन महिने लागतात, त्यामुळे पुढे असे मासे टाळणे पुरेसे आहे. मोठे मासे अनेक महिने नियमित खाल्ले असतील तर मात्र डॉक्टरांना तसे सांगून रक्ततपासणीबद्दल विचारावे.

मासे सरसकट बंद करणे मला योग्य वाटत नाही. गर्भाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागणारे डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल, तसेच आयोडीन, माशांतून सहज मिळते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्ल्यानुसार कमी पारा असलेले मासे गरोदर स्त्रीने आठवड्याला सुमारे २२५ ते ३४० ग्रॅम, म्हणजे दोन-तीन वेळा, खावेत. तारली, सामन, कोळंबी हे त्यांपैकी होत. त्यांतही आलटून पालटून खावे. मासे आवडतात म्हणून कॉड माशाच्या यकृताचे तेल मात्र घेऊ नये, कारण त्यातील अ जीवनसत्त्वाचे जादा प्रमाण गर्भाला घातक ठरू शकते.

शिजवण्याला महत्त्व आहे ते जंतूंमुळे. लिस्टेरिया हा जंतू फ्रीजच्या थंडाव्यातही वाढतो, त्यामुळे कच्चा मासा किंवा न शिजवता खाल्ला जाणारा धुरावलेला थंड मासा टाळावा. तुकड्याचा सर्वांत जाड भाग, काट्यालगतचा, उघडून पाहावा : मांस काचेसारखे अर्धपारदर्शक न दिसता पांढरट, अपारदर्शक झालेले असावे आणि त्याचे पदर सहज सुटावेत. तापमापक असल्यास आतील तापमान ६३ अंश सेल्सिअस हवे. कच्चा किंवा धुरावलेला थंड मासा चुकून खाण्यात आला आणि नंतर काही दिवसांनी, अगदी काही आठवड्यांनीही, ताप व अंगदुखी सुरू झाली, तर साधा फ्लू समजून थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून काय खाल्ले होते ते आवर्जून सांगावे.