साप चावला तर आधी पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) न्यायचं की थेट शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात?

तुम्ही लिहिलंय की पीएचसी पंधरा मिनिटांवर आहे, जिल्ह्याचं ठिकाण दीड तासावर, आणि गावात जो तो म्हणतो, 'सरकारीत वेळ घालवू नका.' मी ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. पावसाळ्यात असे पेशंट आमच्याकडे सतत येतात. सापाचं इंजेक्शन, म्हणजे एएसव्ही, आणि ते द्यायला डॉक्टर त्या घडीला हजर असेल, अशा सगळ्यात जवळच्या ठिकाणी आधी न्या. बहुतेक वेळा ते ठिकाण सरकारीच निघतं, आणि तिथे हे इंजेक्शन फुकट मिळतं.

एएसव्ही रक्तात फिरणारं विष निकामी करतं. जे विष आधीच मज्जातंतूंना, किडनीला भिडलं, ते त्याने मागे फिरत नाही. म्हणून दीड तासाचा रस्ता बिनइंजेक्शनचा कापू नये. आपल्याकडचं एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच असतं, त्यामुळे साप मारून आणण्यात वेळ घालवू नका.

पण पीएचसीत काम संपतंच असं नाही. घोणस चावली तर रक्त गोठेनासं होतं. साध्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवलं की ते कळतं, ही तपासणी कुठेही होते. पुढे लघवी कमी झाली तर डायलिसिस लागू शकतं. नाग किंवा मण्यार असेल तर श्वास बंद पडू शकतो, तेव्हा व्हेंटिलेटर हवा. तिथे मोठं हॉस्पिटल लागतंच. तिकडे पाठवत असतील तर विचारा: पहिला डोस सुरू केला का? चिठ्ठीवर किती व्हायल (इंजेक्शनच्या बाटल्या), किती वाजता, ते लिहिलंय का? पापण्या जड झाल्या असतील तर 108 च्या गाडीतच न्या, श्वास द्यायची सोय त्यात असते. आणि निघण्याआधी पुढच्या हॉस्पिटलात फोन करून व्हेंटिलेटर रिकामा आहे का, ते विचारून घ्या. रात्री दोन-तीन दारं ठोठावत फिरताना माणसं दगावतात.

मण्यारीबद्दल मला पोटतिडकीने सांगायचंय. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज नाही, कधी खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घरचे पित्त समजून गोळी देतात किंवा उजाडायची वाट बघतात. मग डोळे उघडेनात, गिळता येईना. खाली झोपलेल्या माणसाला पहाटे अचानक असं झालं, तर पोटाचा दवाखाना शोधू नका, एएसव्ही असलेल्या ठिकाणी न्या आणि 'साप असू शकतो' हे आपणहून सांगा. वेळेत व्हेंटिलेटरवर गेलेला मण्यारीचा पेशंट बहुतेक वेळा पूर्ण बरा होऊन घरी चालत जातो.

भगताकडे आधी नेऊ नका. बिनविषारी साप चावलेला किंवा विष न टोचलेला माणूस कुठेही बराच होतो, त्याचं श्रेय भगताला मिळतं. घट्ट दोरी बांधणं, चिरा देणं, चोखणं, यातलं काही करू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा, चावलेला हात किंवा पाय हलवू देऊ नका. गाडी येत नसेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणा, चालवत आणू नका.

आणि हे आजच करा. पीएचसीत जाऊन विचारा: एएसव्ही आहे का, किती व्हायल आहेत, रात्री डॉक्टर मुक्कामी असतात का? सुरुवातीलाच साधारण 10 व्हायल लागतात, दोन-चारच असतील तर पुरत नाहीत. उत्तर समाधानकारक नसेल तर तुमचं पहिलं ठिकाण तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय. तेच प्रश्न तिथेही विचारा, आणि कळलं ते सरपंच आणि आशाताईंच्या कानावर घाला, म्हणजे व्हायल कमी असतील तर ग्रामसभेत मागणी लावून धरता येईल.